आईचं हाड जुळेना तेव्हा

म्हसवडजवळच्या आमच्या रानात आई बांधावरून घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. सांगलीत ऑपरेशन करून आत सळई घातली. तीन-चार महिन्यांत चालतील, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाचव्या महिन्यातल्या एक्स-रेतही फट तशीच.

मी तिला माधवनगरला माझ्या घरी आणलं होतं. दूध, नाचणी, कॅल्शियमच्या गोळ्या, सगळं मीच द्यायचे. तो एक्स-रे बघून माझा तोल गेला.

"गोळ्या थुंकून टाकतेस ना?"

"न्हाई गं, रोज खाते. पर तहान लय लागती. पोटबी साफ हुईना."

मी ते कानाआड केलं.

मग एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तर त्यांनी नेमकं तहानेबद्दलच विचारलं. रक्त तपासलं. कॅल्शियम भलतंच वाढलेलं.

"गोळ्या आजपासून बंद," त्या म्हणाल्या. "गळ्यात चार बारीक ग्रंथी असतात. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की त्यांचं हार्मोन हाडातून ते काढून देतं. मोडलेलं हाड भरायलाही ते हार्मोन बेताबेतानं लागतं. पण यांच्या एका ग्रंथीत गाठ झालीय. ती थांबतच नाही, हाडं पोखरतेय."

मी आईकडे बघू शकले नाही.

गाठ काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी आई म्हणाली, "व्हटाला मुंग्या आल्यात गं." बघता बघता तिची बोटं आखडून एकमेकांना चिकटली, ती सोडवता येईनात. मी ओरडतच नर्सला बोलवायला धावले.

शिरेतून कॅल्शियम अगदी हळू सोडलं. डॉक्टरीणबाईंची नजर ठोक्यांच्या पडद्यावरून हलत नव्हती. "हाडं इतके दिवस उपाशी होती," त्या म्हणाल्या, "आता रक्तातलं सगळं कॅल्शियम ओढून घेतायत."

"म्हणजे वाईट?"

"हाडांना चांगलं. आज मात्र जपायला हवं."

बोटं सैल होईपर्यंत मी ती हातात धरून बसले. "आई, मी तुला खोटं पाडलं."

"व्हय, पाडलंस," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटून घेतले. हात मात्र काढून घेतला नाही.

त्यानंतर तीन महिन्यांनी फटीत पांढुरकी साय धरल्यागत नवं हाड दिसलं. वॉकर धरून आई दारापर्यंत गेली, तिथेच थांबून म्हणाली, "मला माझ्या घरी सोड." पुढच्या रविवारी आम्ही तिला गावी नेलं.