तिसरी बोटभर बॅग

देसाग्वादेरो हे एकाच नावाचं गाव दोन देशांत आहे. मध्ये नदी, नदीवर पूल. अलीकडे बोलिव्हिया, पलीकडे पेरू. पूल ओलांडला की घड्याळ एक तास मागे जातं आणि गॅसची टाकी चौपट महाग होते. अलीकडच्या देसाग्वादेरोत राहणारी हिलारिया तार्की छत्तीस वर्षं हा पूल ओलांडत होती. पाठीवरच्या गाठोड्यात घरं, मोटारी, दुकानं असायची. सगळी बोटभर उंचीची.

प्लास्टरच्या चिमुकल्या वस्तू करणं हा तिचा धंदा. अलासीतासच्या जत्रेत माणसं आपल्याला जे हवं ते बोटभर आकारात घेतात, त्याला धूप दाखवून आणतात आणि वर्षभरात ते खरं व्हायची वाट बघतात. जानेवारीत बोलिव्हियातल्या ला पासची जत्रा, मे महिन्यात पेरूतल्या पुनोची. कुठल्या देशात काय कमी आहे ते हिलारियाला पेपर न वाचता कळायचं, कारण घरात असलेली वस्तू जत्रेत कोणी मागत नाही. यंदा ला पासला तिचे डिझेलचे टँकर आणि तेलाच्या बाटल्या पहिल्याच दिवशी संपल्या होत्या. पुनोत टँकरकडे कोणी ढुंकून बघत नसे. तिथे पदवीची भेंडोळी खपायची आणि दवाखान्याच्या खाटा.

या वेळी गाठोडं नेहमीपेक्षा जड होतं. तिने साचेही सोबत आणले होते. सगळे बेचाळीस. पुनोत राहणारी लेक निएवेस वर्षभर मागे लागली होती, "आई, आता कायमची इकडेच ये." जत्रेच्या दिवशी उत्तर द्यायचं ठरलं होतं. साचे उचलले तेव्हाच खरं तर उत्तर ठरलं होतं, पण हिलारिया ते तोंडाने म्हणाली नव्हती.

आदल्या संध्याकाळी जेवताना जावई विल्बरने मोबाइल पुढे केला. तो मोबाइल दुरुस्त करायचा आणि त्याला तक्ते मांडायची हौस होती.

"आई, हे बघा. डावीकडे तुमचं गाव, उजवीकडे आमचं पुनो. नळाचं पाणी, तिकडे दोन तास, इकडे दिवसभर. डॉक्टर, तिकडे आठवड्यातून दोनदा, इकडे चार गल्ल्यांवर. शाळा दारासमोर."

"मला आता कुठल्या वर्गात घालणार, जावईबापू?"

निएवेस हसली. सात वर्षांची नात लूस त्याहून जोरात हसली.

"आणि गॅस?" हिलारियाने विचारलं.

"लिहिलंय की. खाली."

"खाली का?"

"जागा नव्हती वर," विल्बर म्हणाला आणि सूपमधला बटाटा शोधू लागला.

सकाळी लूस शाळेत गेली आणि हिलारियाने जत्रेत पाल मांडलं. निएवेस आणि विल्बर बाराला येणार होते. भर दुपारचा धूप सगळ्यांत गुणाचा. तेव्हा निएवेस आईला एक बोटभर घर देणार होती. अशी वस्तू स्वतः घेतलेली चालते, पण दुसऱ्याने दिलेली जास्त फळते. छत्तीस वर्षं लोकांची घरं करणाऱ्या हिलारियाला अजून कोणी घर दिलं नव्हतं. तिचं सारखं मनगटाकडे लक्ष जात होतं. घड्याळ नवऱ्याचं होतं आणि कायम बोलिव्हियाची वेळ दाखवायचं. पुनोत आली की ती मनातल्या मनात एक तास वजा करायची. आज करायचं राहिलं.

काटे बारावर आले तरी दोघांचा पत्ता नाही. थेट धुपाकडेच गेले असतील, असं म्हणून तिने शेजारणीला पालाकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती चढण चढून गेली.

धूप दाखवणाऱ्या म्हाताऱ्यापुढे निएवेस आणि विल्बर बसले होते. निएवेसच्या ओंजळीत दोन बोटभर बॅगा होत्या.

"काय मागताय?" म्हाताऱ्याने विचारलं.

"चिलीला जायचंय, बाबा," विल्बर म्हणाला. "दोघांना."

हिलारिया धुरात उभी राहिली. बॅगा दोन होत्या. तिने पुन्हा मोजल्या.

"दुसऱ्याच्या पालातून घेतल्यात," ती म्हणाली. "कडी बघा, वाकडी आहे."

निएवेस दचकून वळली. "आई! आम्ही बाराला येणार होतो ना!"

"माझे बारा वाजले." हिलारियाने मनगट दाखवलं. मग ती विल्बरकडे वळली. "चिलीचाही तक्ता केला असशील."

"केलाय," विल्बर खाली बघत म्हणाला. "पगार इथल्या तिप्पट आहे, आई. दोनच वर्षं."

"लूस कुठल्या रकान्यात आहे?"

नळ, डॉक्टर, दारासमोरची शाळा. कालचा तक्ता आपल्यासाठी नव्हताच, मागे राहणाऱ्या लूससाठी होता आणि आपल्याला बोलावलं ते तिला सांभाळायला, हे हिलारियाला आता कळलं. तिच्या गावाला पुनो वरचं वाटायचं, पुनोला चिली. चिलीतल्या लोकांना कुठला देश वरचा वाटतो कोण जाणे.

"तुला फसवायचं नव्हतं गं," निएवेस म्हणाली. "तिकडे पहिलं वर्ष एका खोलीत सहा जणांत काढायचं. मी जत्रेत तुझ्या टेबलाखाली खोक्यात झोपायचे, तसं लूसचं व्हायला नको. इथे तिला स्वतःची खाट आहे."

हिलारियाने वाद घातला नाही. ला पासचा जानेवारी, वरून पाऊस आणि टेबलावर प्लास्टिक, तिला सगळं आठवत होतं. पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं.

"थंडी वाजायची?"

"वाजायची."

"भीती?"

निएवेसने ओंजळीतल्या बॅगा जवळ ओढल्या.

"भीती नाही वाटायची," ती म्हणाली. "तुझे पाय दिसायचे."

हिलारिया चढण उतरून पालाकडे गेली. तिने सगळ्यांत लहान बॅग निवडली, शालीच्या कडेचा लोकरीचा धागा तोडला आणि परत वर आली. निएवेसच्या ओंजळीतल्या दोन बॅगांना तिने तिसरी बांधली आणि गाठ ओढून बघितली.

"ही मी दिली," ती म्हणाली. "कडी सरळ आहे."

"आई, अशाने सगळंच बदलतं," विल्बर म्हणाला. "खोली, शाळा, खर्च."

"बदलू दे. तक्ता पुन्हा मांड. जमलं तर तिघं जा, नाही जमलं तर तिघं इथे राहा. मी साचे परत नेते. माझा नळ दोन तास येतो, मला पुरतो."

"दोघंच म्हणाला होतात ना?" म्हाताऱ्याने निखाऱ्यावर पुन्हा धूप टाकत विचारलं.

"पोरं मोजायला चुकली होती," हिलारिया म्हणाली.

निएवेसने नाक पुसलं. पिशवीतून बोटभर घर काढून तिने आईच्या हातात ठेवलं. आता ते कुठल्या गावातलं, हे दोघींनीही बोलून दाखवलं नाही. हिलारियाने ते उलटंपालटं करून पाहिलं. कोपरा नीट घासलेला नव्हता. तिने ते शालीत ठेवलं.

पालाशी परत आली तेव्हा पुनोचे बारा वाजले. चर्चची घंटा सुरू झाली आणि सगळी जत्रा एकदम धुपाकडे लोटली. हिलारियाच्या घड्याळात एक वाजला होता. तिने खोक्यावर फडकं पसरलं, उकडलेले बटाटे आणि चीज काढलं आणि मागून आलेल्या दोघांना म्हणाली, "बसा. माझ्याकडची जेवायची वेळ झाली."