टोरीच्या तेलाचा साबण

आमगावच्या त्या गल्लीत घरी साबण पहिल्यांदा केला सुलोचनाबाईंनी, आणि हे त्या कुणाला विसरू देत नसत. गोंदियात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं, तिथलं माप कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आणि सहा वर्षं त्यात तसूभर फरक केला नाही. अर्धं खोबरेल, अर्धं शिया बटर. शिया बटर, म्हणजे परदेशी बियांचं लोणी, नागपूरहून यायचं, भलतं महाग पडायचं. पण माल भारी म्हणजे साबण भारी, एवढंच त्यांचं शास्त्र.

धाकटी जाऊ नीतू हे सगळं बघून शिकली आणि मग आपल्या वाटेनं गेली. तिचं माहेर सौंदडचं. तिची आई मोहाच्या बिया, म्हणजे टोरी, वेचून घाणीवरून तेल काढून आणते. थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं. बाया ते भेगाळल्या टाचांना चोळतात. नीतूनं शिया बटरच्या जागी तेच घातलं, जोडीला राइस मिलच्या कोंड्याचं तेल. वडी निघाली लोण्यासारखी, आणि खर्च निम्मा.

"टोरीचं? ते तर गरिबाचं तेल," सुलोचनाबाई म्हणाल्या. मग नीतूच्या मोरीत जाऊन त्याच वडीनं दोनदा हात धुतले. हात मऊ झाले, याचाच राग आला.

तोही गिळला असता. पण डिंपलचं, त्यांच्या लेकीचं, लग्न ठरलं. पाहुण्या बायांना ब्लाउजपीसऐवजी घरचा साबण द्यायचा, दोनशे वड्या, हे सुलोचनाबाईंनीच जाहीर केलेलं. डिंपल म्हणाली, "आई, काकीचाच देऊ ना. तुझा अंगाले कोरडा लागते."

"काऊन? माझ्या साबणानं काळी पडली का तू?"

"तसं नाही वो. काकीचा मऊ आहे, एवढंच."

पोटची पोर जावेचं गुणगान करते म्हटल्यावर सुलोचनाबाईंना जेवण जाईना. नीतूला विचारणं तर शक्यच नव्हतं. कामठ्याहून गुपचूप टोरीच्या तेलाचा डबा मागवला. थोड्यानं साबण मऊ होतो तर सगळंच टोरीचं घातल्यावर किती होईल, असा हिशोब करून खोबरेलालाही सुट्टी दिली. तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा मात्र कागदावर होता तेवढाच. खोबरेलाला तो जास्त लागतो, टोरीला कमी; पण ज्या बाईनं सहा वर्षांत तेलच बदललं नाही, तिला हे कळणार कुठून?

आठ दिवसांनी वडीला जिभेचं टोक लावलं. उरलेल्या सोड्याचा चटका बसला. आणखी आठ दिवस थांबल्या, तरी चटका तोच. साबण पिकायला महिना लागतो आणि लग्नाला राहिले होते पाच आठवडे.

त्या नीतूच्या दारात उभ्या राहिल्या, चप्पल न काढता.

"कॉस्टिक किती टाकतेस?"

नीतू वालाच्या शेंगा सोलत होती. "पूर्ण टोरीचा केला का बाई?"

"कोणी सांगितलं?"

"जीभ लाल दिसून राहिली तुमची."

नीतूनं हात पुसले आणि फोनमध्ये बघत प्रत्येक तेलाचा सोडा वेगवेगळा लिहून दिला. "टोरी अर्धी टाका. पाव खोबरेल पाहिजेच, नाही तर फेस नाही येत. पाव कोंड्याचं."

ती हसली असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.

"उद्या मीच तुझा साबण विकीन, मग?"

"विका ना. मोहाची झाडं काय माझ्या बापाची आहेत?"

एवढा मोठेपणा सुलोचनाबाईंना त्या चटक्याहून जास्त झोंबला. पण चिठ्ठी त्यांनी घेतली.

लग्नाच्या चार दिवस आधी डिंपलनं चिठ्ठीच्या मापानं केलेल्या नव्या वड्यांतली एक घेऊन हात धुतले, वास घेतला. "जमला आई. अगदी काकीसारखा."

सुलोचनाबाई वड्या कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी पुढची वडी उचलली.

"बायांनी विचारलं, कोणाचा हाय, तर काय सांगू?"

"माझा सांग," त्या म्हणाल्या. "काकीचं नाव मधात आणू नको."