हिरवा दिवा आणि स्टूल

चाकणच्या आमच्या कंपनीत बझरच्या जागी हिरवा दिवा लागला, त्या दिवसापासून मी जळायला लागले. मोटारीत जाणाऱ्या वायरींचे जुडगे आम्ही बांधतो. लाइनवर सहा कर्णबधिर मुली नव्यानं भरती झाल्या आणि महिन्याभरात त्यांच्यासाठी दिवा आला, कँटीनच्या भिंतीवर हातांच्या खुणांचा तक्ता लागला, दर गुरुवारी एक दुभाषी बाई यायला लागल्या. मी तिथं सोळा वर्षं उभी आहे. उभी म्हणजे खरोखरच उभी, कारण लाइनवर बसायची पद्धत नाही. आणि माझा डावा पाय लहानपणीच्या पोलिओनं वाळलेला आहे.

मुलाखतीला मी पायघोळ साडी नेसून गेले होते, दारापासून टेबलापर्यंतची चार पावलं जपून टाकत. पुढं सगळ्यांना कळलंच, लपतंय कुठं. पण अपंगत्वाचा दाखला मी काढला नाही. आम्ही कंत्राटावरच्या, असला कागद पुढं केला की पहिलं नाव आपलंच कापतील, ही धास्ती. एकदा फक्त स्टूल मागितलं होतं. सुपरवायझर हसून म्हणाला, "ताई, तुम्हाला स्टूल दिलं तर उद्या सगळ्या सोफा मागतील." त्यानंतर मी तोंड उघडलं नाही. थेरगावला कंपनीच्या बसमधून उतरताना पाय हातानं उचलून खालच्या पायरीवर ठेवावा लागतो. तेव्हा मला तो दिवा आठवायचा आणि डोकं फिरायचं.

त्या मुलींपैकी एक माझ्या समोरच असायची. तिला काम मीच शिकवलं. पिन नीट बसली की बारीक टक असा आवाज येतो, आम्ही त्याच्यावर चालतो. तिला आवाज कुठला ऐकू यायला. आठवड्याभरात ती ते अंगठ्यानं ओळखायला लागली आणि तिचा माल माझ्यापेक्षा कमी परत यायला लागला. सुपरवायझर येता-जाता तिला शाबासकी द्यायचा. मला सोळा वर्षांत त्यानं काही दाखवलं असेल तर घड्याळ.

मुलींनी लाइनवरच्या प्रत्येकाला हाताचं नाव दिलं होतं. सुपरवायझर म्हणजे पोटावरून फिरणारा गोल हात, कँटीनवाला म्हणजे मिशीचा पीळ. माझं नाव काय, ते मी कुणाला विचारलं नाही. मला भीती वाटत होती.

मग एका दुपारी चहाच्या आधी ती सुपरवायझरपुढं उभी राहिली. दोन बोटं तळहातावर चालवली, एक बोट फरपटत नेलं, माझ्याकडं हात केला आणि गुडघे वाकवून खाली बसल्यासारखं केलं. सुपरवायझर खो-खो हसला. मला वाटलं, मी चालताना कशी कोलमडते त्याचीच नक्कल चाललीय. अंगाची लाही लाही झाली. शिफ्ट सुटायच्या आत ऑफिसात जाऊन लेखी तक्रार दिली, की माझ्या पायाची टिंगल केली. खोटं कशाला बोलू, लिहिताना बरं वाटत होतं. पुढच्या सोमवारी तिला पॅकिंगच्या शेडमध्ये पाठवलं. पुढच्या महिन्यात ती कायम होणार होती, ते थांबलं.

गुरुवारी दुभाषी बाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या हातात वही होती. मी फणकाऱ्यानं ती बोटांची खूण करून दाखवली आणि म्हटलं, "तुमच्या पोरी हे शिकतात व्हय?"

"हे तुमचं नाव आहे," त्या म्हणाल्या. मी पुढचं बसणंही दाखवलं. "आणि ते स्टूल. तुमच्यासाठी तिनं ते तीनदा मागितलंय. दोनदा गुरुवारच्या मीटिंगमध्ये, माझ्या वहीत आहे ते. तिसऱ्यांदा म्हणे स्वतःच जाऊन मागितलं. सुपरवायझर नुसते हसले."

मी तशीच ऑफिसात गेले, तक्रार चुकीची होती असं लिहून दिलं. तिथल्या साहेबांनी कागद ठेवून घेतला आणि बघू म्हणाले. अजून बघताहेत.

स्टूल मात्र आलं, त्या वहीच्या जोरावर. मी त्यावर बसते आणि माझ्या समोरच्या जागेवर आता दुसरी बाई उभी असते. ती मुलगी मला जेवणाच्या सुट्टीत दिसते. लांबूनच माझं नाव घेते, गुडघे वाकवते, भुवया उंचावून विचारते, मिळालं का. मी मान हलवली की तिचं तोंड फुलतं. तक्रार कुणी केली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

काल दुभाषी बाईंकडून मी 'तक्रार केली' ही खूण शिकून घेतली. आज डबा घेऊन मुलींच्या टेबलाशी गेले. सहाजणींचे हात भराभर चालले होते. इतक्या गप्पा मारायला मला कंपनीत कुणी मिळालं नाही, म्हणून तिथंही पोटात जळलंच. त्या मुलीनं सरकून मला बसायला जागा केली. मी बसले नाही. दोन बोटं तळहातावर ठेवली, एक फरपटत नेलं, आणि मग शिकलेली खूण केली.