शेवंताबाईंची न बिघडणारी डबी

स्वयंपाकघरातल्या फडताळात मधाची बाटली वर्षभर तशीच उभी असते. झाकण चिकट होते, तळाशी साखर धरते, पण मध आंबत नाही. तोच मध चमचाभर घेऊन गुलाबपाण्यात कालवावा, चेहऱ्याला लावून उरलेला लेप वाटीत झाकून ठेवावा, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाकण काढताच आंबूस वाफ नाकावर येते आणि वर बारीक बुडबुडे फुटताना दिसतात. मध चांगला होता, गुलाबपाणी निवळ होते, वाटी घासलेली होती. मग वाटीत आले कोण?

आमच्या पहिल्याच तासाला हा प्रश्न याच शब्दांत विचारणाऱ्या डॉ. सुलभा खोरगडे यंदा पंचाहत्तराव्या वर्षात पदार्पण करीत आहेत. ‘काय झाले’ असे त्यांनी विचारले नाही, ‘कोण आले’ असे विचारले, आणि सगळा वर्ग उगीचच मागे वळून दाराकडे पाहू लागला. नागपूरच्या आमच्या महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन दिवस त्या प्रयोगशाळेत येऊन बसतात. त्यांची विद्यार्थिनी आणि आता त्याच विषयाची अध्यापिका या नात्याने हे चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला आहे.

त्याच दिवशी मॅडमनी आम्हा प्रत्येकाला साबणाने हात धुवायला लावले आणि एका मोठ्या काचेच्या तबकडीतल्या पोषक थरावर पंजा हलकेच टेकवायला सांगितले. तबकडीवर नाव लिहायचे नाही, असा त्यांचा आग्रह होता. दोन दिवसांनी तबकड्या बाहेर आल्या, तेव्हा प्रत्येकीत एक हात उगवलेला होता. पिवळट, पांढऱ्या, कुठे केशरी ठिपक्यांचा, बोटांसकट पूर्ण हात. माझी करंगळी जन्मापासून किंचित वाकडी आहे. ओळीतल्या पाचव्या तबकडीत ती वाकडी करंगळी उगवली होती. स्वतःचा हात आपल्याविना वाढलेला पाहणे काय असते, हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. मॅडम मात्र आनंदाने म्हणाल्या, “पाहा, किती सुंदर आलाय!”

त्यांची आणखी एक सवय आम्हा सर्वांच्या थट्टेचा विषय होती. जंतू वाढवण्याचे उबदार कपाट उघडण्यापूर्वी त्या दारावर दोनदा टकटक करीत. एकदा धीर करून कारण विचारले. “आत कोण कोण आहे हे ठाऊक नसताना वाजवूनच उघडावं,” असे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. आम्ही हसलो, पण त्यानंतर एकट्याने ते कपाट उघडायला कोणी तयार होईना.

मधाच्या कोड्याचे उत्तर त्यांनी तेव्हाच दिले होते. जंतूंना अन्न लागते आणि मोकळे पाणी लागते. मधातले पाणी साखरेने इतके घट्ट धरून ठेवलेले असते की आत पडलेल्या जंतूला ते मिळत नाही, उलट त्याच्याच अंगातले पाणी मधाकडे ओढले जाते. त्यात गुलाबपाणी घातले की ती पकड सुटते आणि मध राखणदार न राहता जेवण होतो. नैसर्गिक पदार्थांनी घरगुती सौंदर्यप्रसाधने टिकतात का, या आज घरोघरी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. दुर्दैव असे की ते वहीत उतरवून घेऊनही मी विसरले.

पदव्युत्तर शिक्षणानंतर मी उमरेडच्या एका महिला बचत गटाला कोरफडीची क्रीम करायला शिकवले. गटाच्या प्रमुख शेवंताबाई हातमागावर विणणाऱ्या. सुताने त्यांच्या बोटांना कायम भेगा पडत आणि त्या क्रीमने त्यांना आराम पडे. ‘रसायनविरहित’ हा शब्द बायकांना आवडला होता, मलाही आवडला होता. टिकण्यासाठी मी कडुलिंबाचा काढा, संत्र्याच्या सालीचे तेल आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या सुचवल्या. तिसऱ्या वर्षी मोठ्या अभिमानाने एक डबी मी मॅडमना नेऊन दिली.

त्यांनी झाकण उघडले. संत्र्याचा ताजा वास खोलीभर पसरला. त्यांनी झाकण पुन्हा लावले.

“यात पाणी आहे?”

“कोरफडीचा गर आहे, मॅडम.”

“म्हणजे पाणीच. मग याला राखतं कोण?”

मी यादी सांगितली. मॅडमनी ती एकेक करून, न रागावता, माझ्यासमोर सोडवली. कडुलिंबाच्या दाट अर्कात जंतूंना रोखण्याची थोडी शक्ती असते, पण घरच्या काढ्यात ती किती उतरली हे कोणालाच सांगता येत नाही. शिवाय काढा स्वतःच पाणी आणि पाल्याचे अन्न घेऊन येतो. ‘ई’ जीवनसत्त्व तेलाला खवट होण्यापासून वाचवते, जंतूंना त्याचे सोयरसुतक नसते. सुगंधी तेल जंतू थांबतील इतके घातले तर कातडी भाजते, आणि कातडीला सोसेल इतके घातले तर फक्त वास झाकते. “झाकलेला वास सर्वांत वाईट,” त्या म्हणाल्या. “घरात कोण आहे ते नाकालासुद्धा कळत नाही.”

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. “अर्चना, तुझ्या डबीत वस्ती आहे. दाट वस्ती. ही क्रीम कोण कोण लावतं?”

मी नावे सांगू लागले आणि पहिल्याच नावाशी थांबले. शेवंताबाईंच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही उमरेडला गेलो. सत्तरी ओलांडलेल्या मॅडम मांडीवर तबकड्यांचा डबा घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. अंगणात नव्या क्रीमचे पातेले मांडले होते. काळा चष्मा लावलेल्या शेवंताबाईंनी आम्हाला खाटेवर बसवले आणि आमच्या देखत जुन्या डबीतली चमचाभर क्रीम नव्या पातेल्यात सोडली.

“हे कशासाठी?” मॅडमनी विचारले.

“दही नाही का लावत आपण? तसंच विरजण हाय हे. जुन्यातलं थोडं नव्यात टाकाचं, म्हंजे तोच वास, तोच गुण येते.”

“कधीपासून घालता?”

“पहिल्या डबीपासून. तिसरं वरीस चालू हाय. एकडाव बी खराब नाही झाली. अन् आमच्या ताईनं तं पुस्तकात बी लिहिलं हाय.”

खरे होते. ही पद्धत मी पाहिली होती, मला ती मोहक वाटली होती, आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत मी लिहिले होते की मागील घाण्यातील थोडी क्रीम मिसळल्यास नवी क्रीम लवकर एकजीव होते. प्रत्येक घाणा तीन आठवड्यांत संपत असे, म्हणून बिघडलेली क्रीम कोणाच्या दृष्टीस पडलीच नव्हती.

मॅडम पातेल्याकडे पाहत राहिल्या. “म्हणजे पहिल्या डबीत जे आलं, ते अजून इथेच आहे,” त्या हळूच म्हणाल्या. “डबी बदलली, ते नाही बदललं.”

मग गटातल्या कमलाबाई म्हणाल्या, “म्हंजे भूतच म्हणा नं!”

“चूप वं कमले!”

“भुताला खायला लागत नाही, कमलाबाई,” मॅडम म्हणाल्या. “याला लागतं. आणि दर घाण्याला पान आपणच वाढतो.” मग त्या शेवंताबाईंकडे वळल्या. “डोळा कसा आहे?”

“चांगला हाय. जरासं पाणी येते, अन् सकाळी चिकटते. तेवढंच.”

“थेंब कोण टाकतं?”

“मीच टाकतो. क्रीम लावून झाली का मंग थेंब.”

मॅडम उठल्या. “आत्ता नागपूरला चला. डोळ्याच्या दवाखान्यात.”

“आत्ताच तं ऑपरेशन करून आलो, पुन्हा काहून जाऊ? पातेलं तसंच पडलं हाय.”

त्या ऐकेनात. मॅडमनी वाद घातला नाही. दवाखान्याची पिशवी भरून होईपर्यंत आपण इथून हलणार नाही, एवढे सांगून त्या उन्हात ओट्यावर बसल्या. आणलेले पाणीही त्यांनी घेतले नाही. पाऊण तासाने शेवंताबाई कमलाबाईंना म्हणाल्या, “पाह्य वं, ह्या बाईले ऊन लागून काही झालं तं माह्या माथी येईन,” आणि पिशवी भरायला आत गेल्या. निघण्यापूर्वी मॅडमनी त्यांना नेहमीसारखी क्रीम बोटावर घ्यायला लावली, ते बोट तबकडीवर टेकवून घेतले आणि मग त्यांचे हात स्वतः साबणाने धुतले.

डॉक्टरांनी तपासून सांगितले की संसर्ग पापण्यांच्या कडेपर्यंत आला आहे, आत शिरला की नाही हे तीन-चार दिवसांत कळेल. ते दिवस शेवंताबाई मॅडमच्या घरी राहिल्या. दर दोन तासांनी मॅडम हात धुऊन त्यांच्या डोळ्यात थेंब टाकीत. भेगांना नुसते खोबरेल लावीत. त्यात पाणी नसते, म्हणून जंतूंना त्यात संसार थाटता येत नाही.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मॅडमनी आम्हा दोघींना प्रयोगशाळेत नेले. काळे पडदे ओढले. बाहेर रस्ता वाजत होता, आत स्वतःचा हात दिसत नव्हता. कपाटावर दोनदा टकटक झाली. मग काही जंतू ज्याच्या उजेडात चमकतात तो जांभळा दिवा मॅडमनी तबकडीवर धरला, आणि अंधारात एक बोट हिरवे उजळले. पेराच्या रेघा, भेगेची फट, सगळे त्यात होते. ते शांतपणे प्रकाशत होते.



“हे माह्यं बोट हाय?” शेवंताबाईंनी विचारले.

“तुमच्या बोटावर जे होतं, ते.”

“जितं हाय?”

“हो.”

“अन् ह्याले मी रोज डोयापाशी नेऊन राहिलो होतो...” त्यांनी अंधारातच चाचपडत पिशवीतून मोबाइल काढला. “कमले, सगळ्या डब्या उकळत्या पाण्यात टाक वं. पातेलं बी. विरजणाची डबी पह्यले. काहून म्हंजे? माह्यं बोट पाहून राहिलो मी इथं!”

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्याचा आतला भाग शाबूत असल्याचे सांगितले. शेवंताबाईंनी भिंतीवरचा तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला. मॅडम बाहेरच्या बाकावर बसून होत्या. बातमी ऐकून त्यांनी चष्मा काढला आणि कितीतरी वेळ तो पदराने पुसत राहिल्या.

या सगळ्यात माझी चूक किती मोठी होती, हे त्यांनी कोणाजवळही उच्चारले नाही. मी पुस्तिकेतले पान फाडायला निघाले, तेव्हा मात्र त्यांनी हात धरला. “फाडू नकोस. त्यावर एक रेघ ओढ आणि खाली कारण लिही. चूक वाचता आली पाहिजे.” गटासमोर ते कारण मी वाचून दाखवले, तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या. आज तो गट कोरडे उटणे आणि तेल-मेणाचे मलम करतो. दोन्हींत पाणी नाही, म्हणून कोरड्या हाताने वापरली तर ती टिकतात. पाण्याची क्रीम केलीच, तर जंतू रोखणारे, कसोटीला उतरलेले परिरक्षक मोजून घातले जाते. निसर्गात आढळणारी काही आम्लेही या कामी येतात, पण योग्य आंबटपणा आणि अचूक मात्रा साधली तरच. ‘नैसर्गिक’ या शब्दावर मॅडमचा राग नाही. तपासल्यावाचून ठेवलेल्या विश्वासाची मात्र त्यांना भीती वाटते, आणि ती भीती त्यांनी आम्हाला प्रेमाने दिली.

मॅडमना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो आणि अजून कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांनी असेच दचकवावे, अशी मनापासून प्रार्थना आहे. हारतुरे त्यांना रुचत नाहीत. त्यांच्या गौरवासाठी वाचकांनी एक छोटा प्रयोग करावा.

काचेचे दोन पेले उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. दोन्हींत वरणाचे गाळलेले, निवळ पाणी सारखे ओता. एका पेल्यात आपला विश्वासाचा नैसर्गिक पदार्थ घाला, आपल्या क्रीममध्ये ज्या प्रमाणात घालता अगदी त्याच प्रमाणात. नीट ढवळा, दोन्ही झाका आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवा. चाखू नका. पाणी स्वच्छ राहिले तरी आत कोणी नाही असे समजू नका, कारण डोळ्यांना फार उशिरा दिसते. तिसऱ्या दिवशी सकाळी आधी नुसत्या पाण्याचा आणि मग पदार्थ घातलेला पेला खिडकीपाशी नेऊन हलकेच फिरवा. त्याच्याही तळातून जंतूंचा थर धुरासारखा वर उठला, तर पेला खाली ठेवा आणि कपाटातली आपली डबी उजेडात आणा.