विलायती केस आणि मायचा नवस

विलायतेतल्या त्या चौघांची गाणी अमरावतीला पोचण्याआधी त्यांचे केस पोचले. कॉलेजच्या वाचनालयात एक इंग्रजी मासिक यायचं, दोन-तीन महिने शिळं. त्यात पानभर त्या चौघांचा फोटो होता. काळे कोट, हातात गिटारी आणि कपाळ झाकून भुवयांपर्यंत आलेले केस. पासष्ट साल असावं. कोणी बघत नाही असं पाहून मी ते पान फाडलं आणि वहीत घातलं.

गाणं मी एकच ऐकलं, तेही अर्धं. वलगावच्या एका मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. त्याच्या मामानं मुंबईहून त्या चौघांची तबकडी आणली होती. सायकलवर डबलसीट बसून आम्ही त्याच्या घरी गेलो. मला ओसरीत बसवलं, ग्रामोफोन आत माजघरात होता. शब्द एकही कळला नाही. पण त्या ढोलाच्या ठोक्यानं छातीत काहीतरी हललं आणि वाटलं, हे गाणारे ‘कुठे बसू’ म्हणून कोणालाच विचारत नसतील. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी केस वाढवले. त्याचे वडील रागावले, आजी पोट धरून हसली, संपलं. त्यांच्या घरी केस म्हणजे केसच होते.

आमच्या घरी तसं नव्हतं. बा अकोल्याला जिनिंग फॅक्टरीत होता. तो लहानपणी पटकीतून वाचला म्हणून आजीनं त्याचे केस मरीमायला सोडले होते. कात्री लावायची नाही, फणी फिरवायची नाही. तिशी उलटेपर्यंत त्याच्या पाठीवर मनगटाएवढी जट लोंबत होती आणि बाळापूरकडच्या आमच्या गावात त्याला कोणी नावानं हाक मारत नसे. छप्पन साली तो नागपूरला दीक्षा घेऊन आला, कात्री विकत घेतली, स्वतःच्या हातानं जट कापली आणि मोर्णेत सोडली. घरोघरचे देव टोपलीत भरून नदीवर न्यायला वस्तीत तोच पुढे होता. पौर्णिमेला विहारात बावीस प्रतिज्ञा तोच सांगायचा.

त्याच कात्रीनं तो आमचे केस कापायचा. गावात न्हावी आमच्या डोक्याला हात लावत नसे. अकोल्यात सलून होतं, पण त्या खुर्चीवर बाचा विश्वास नव्हता. रविवारी अंगणात गोणपाट टाकून तो म्हणायचा, “बस.” मी बसायचो. एरवी बा अंगाला हात लावणारा माणूस नव्हता. कात्री चालवताना त्याचा डावा हात तेवढा डोक्यावर असायचा.

दसऱ्याच्या सुट्टीत मी केस वाढवून घरी आलो. बानं गोणपाट टाकलं.

“बस.”

“राहू दे बा.”

“काहून?”

आता काय सांगणार? विलायतेतली चार पोरं असे केस ठेवतात म्हणून? लाज वाटली. मी म्हणालो, “असंच.”

नवस बोललेला माणूसही असंच म्हणतो, कारण नवस सांगितला तर फळत नाही असं आमच्याकडे मानायचे. हे मला माहीत होतं, पण डोक्यात तो ढोल वाजत होता. आदल्या वर्षी मी इंग्रजीत नापास झालो होतो. शेजारणींनी दोन आणि दोन चार केले. पोरगा पास व्हावा म्हणून मायनं चोरून नवस बोललाय, पोराचे केस देवीला सोडलेत.

ते बाच्या कानावर गेलं. त्यानं विचारलं तेव्हा माय म्हणाली, “मी कायले बोलू? इचारा ना पोराले.”

बानं मला पुन्हा विचारलं नाही. आपली भाकर तो स्वतः थापायला लागला. कामावरून यायचा, अंगावरची रुई झटकायचा आणि चुलीपाशी बसायचा, मायच्या हाताला हात न लागू देता. विहारातलं प्रतिज्ञा सांगणंही त्यानं सोडलं. कोणी बोलवायला आलं तर म्हणायचा, “ज्याच्या घरात नवस होते, त्यानं कोणाले सांगाव्या?” भांडला असता तर बरं झालं असतं.

पौष-माघात मायचं पत्र आलं, शेजारच्या शाळकरी पोरीच्या हातचं. ‘तुझा बा माझ्या हातचं जेवत नाही. केस काढून ये.’ दोन ओळींचं पत्र. मी ते उशाखाली ठेवलं आणि ठरवलं, परीक्षा होऊ दे. खरं कारण परीक्षा नव्हतं. आरशात पाहिलं की मी कोणीतरी वेगळा दिसायचो, आणि ते मला सोडवत नव्हतं. माय तिकडे रोज उरलेली भाकर गाईला घालत होती.

निकाल लागला, मी पास झालो. आनंदाच्या भरात अमरावतीच्याच एका सलूनमध्ये जाऊन केस बारीक करून घेतले आणि संध्याकाळच्या मोटारीनं अकोल्याला आलो. वाटलं, आता सगळं मिटलं.

किती बेअक्कल असावं माणसानं! पास झाल्यावर केस काढणं म्हणजे नवस फेडणं, हे पाळण्यातल्या पोरालाही कळलं असतं. बानं माझ्या डोक्याकडे पाहिलं.

“कुठी काढले?”

“अमरावतीले.”

“देवीच्या गावाले,” तो म्हणाला.

अमरावतीला देवीचं मोठं देऊळ आहे, हे तेव्हा कुठे मला आठवलं. मग मात्र मी सगळं सांगितलं. वहीतलं पान काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते कंदिलाजवळ नेऊन बराच वेळ पाहिलं. एकेकाच्या कपाळावरून बोट फिरवलं.

“हे चौघंही देवीले सोडेल दिसतेत,” म्हणाला आणि पान परत दिलं. थट्टा नव्हती ती. माणूस उगाचच केस वाढवतो हे त्याला कोणी कधी दाखवलंच नव्हतं.

पुढचं वर्ष तसंच गेलं. माय वाळत गेली. मी सुट्टीत यायचो, घरात आता वेगळ्या झालेल्या दोन चुली बघायचो आणि पळून जायचो.

मग उन्हाळ्यातल्या एका दुपारी मायनं ज्वारीची भाकर आणि चुनाचं बेसन, म्हणजे पिठलं, ताटात वाढलं आणि ताट बासमोर ठेवलं. मी उंबऱ्यावर बसलो होतो.

“बोलली होती मी नवस,” ती म्हणाली. “पोरगा पास व्हावा म्हनून. चुकलं माहं. आता तरी जेवसान काय माह्या हातचं?”

बानं मान वर केली नाही. पण ताट ओढून घेतलं. दीड वर्षं तिचा नकार त्याला पचला नव्हता. चूक पचली. मायनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. गप्प राहा असं त्या नजरेत स्पष्ट होतं.

पुढच्या पौर्णिमेला विहारात चारचौघांसमोर उभं राहून तिनं माफी मागितली आणि बानं तिच्याकडून प्रतिज्ञा पुन्हा म्हणवून घेतल्या. देवांना मानणार नाही, असं ती मोठ्यानं म्हणाली. मानलंच नव्हतं तिनं. शेजारणी एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. बाला त्याची जागा परत मिळाली. माय गेली तेव्हा शोकसभेतही एक वडीलधारा म्हणालाच, बाई सोन्यासारखी, एकदाच घसरली, तेही पोरासाठी. मी मान खाली घालून ऐकलं.

त्या चौघांची गाणी पुढे सगळीकडे वाजायला लागली. अजूनही ती लागली की मी उठून जातो. त्यांचा काय दोष? त्यांच्या गावी नसेल अकोल्याचं जिनिंग.

पण आतून खातं ते त्या दुपारचं. बा जेवला, हात धुतले, खुंटीवरची कात्री काढली आणि अंगणात गोणपाट टाकलं. माझे केस जेमतेम बोटभर वाढले होते.

“बस,” म्हणाला.

मी बसलो. दीड वर्षानं त्याचा डावा हात माझ्या डोक्यावर आला. माय केरसुणी घेऊन केस गोळा करायला बाजूला उभी होती. तेव्हा बोलायला हवं होतं. बा, ती खोटं बोलली, एवढंच. शब्द ओठांवर आलेही होते. पण मी बोललो असतो तर तो हात उचलला गेला असता. म्हणून मी बोललो नाही. मायनं केस गोळा केले आणि उकिरड्यावर टाकून आली.