गुन्हा कबूल
ओल्या ऑइलपेंटचा वास आला, की मला धाराशिवचं ते पोलीस ऑफिस आठवतं. उन्हाळा होता, भिंती नुकत्याच रंगवलेल्या होत्या आणि शिपाई येईल त्याला ‘टेकू नका’ म्हणून बजावत होता. नर्सिंगचा कोर्स करून सरकारी दवाखान्यात माझी निवड झाली होती, फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी राहिली होती. कोर्सच्या आधी गावात टँकरच्या पाण्यावरून बायकांची मारामारी झाली, तेव्हा पोलिसांनी तिथं असलेल्या सगळ्यांची नावं गुन्ह्यात घातली. मी कुणाला हातही लावला नव्हता. पण कोर्टाचे खेटे नकोत म्हणून वडील म्हणाले, “कबूल म्हण पोरी. दंड भरू अन् मोकळं होऊ.” मी म्हटलं. आता टेबलामागचे हवालदार आवाज खाली आणून सांगत होते, “निर्दोष सुटली असतीस तर काही नव्हतं. कबूल केलंस म्हणजे शिक्षाच झाली की. आता नोकरीत घेणं अवघड आहे.” माझ्याशेजारी बसलेले वडील उठले. त्यांच्या सदऱ्याला पाठीवर हिरवा रंग लागला होता. “साहेब, ती न्हाय म्हणत होती. म्याच म्हणायला लावलं. तिचं नाव काढा, तिथं माझं घाला.” हवालदारांनी त्यांना पाण्याचा ग्लास दिला, तो हातात धरून ते तसेच उभे राहिले. ती नोकरी मिळाली नाही. तुळजापुरात एका खासगी दवाखान्यात लागले, अजून तिथंच आहे. वडिलांना शेवटच्या दुखण्यात तिथंच ठेवलं होतं. सलाइन मीच लावायचे. दर वेळी ते विचारायचे, “इथं बरं हाय ना गं तुझं?” मी व्हय म्हणायचे, आणि ते कूस बदलून घ्यायचे.