वरचा कापूस

मी आयुष्यभर सिंदी रेल्वे या गावातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची प्रत ठरवायचं काम केलं. ट्रॉली आली की वरच्या कापसावर जायचं नाही, हा आमचा पहिला नियम. वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो. बाही वर सरकवायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातून मूठभर कापूस ओढून काढायचा आणि त्यातली सरकी दाताखाली धरायची. कट्ट आवाज आला तर कापूस वाळलेला. सरकी नुसतीच दबली तर आत ओल आहे, भाव खाली. निवृत्त होऊन पिपरी मेघेला राहायला आलो, पण ही सवय काही सुटली नाही. भाजीवालीच्या टोपलीत मी तळाशी हात घालतो, नातेवाइकांच्या गोड बोलण्यातही घालतो. बायको म्हणते, "तुमाले देव भेटला ना, तरी तुमी त्याले खालून तपासान."

टाळेबंदीनंतर आमच्या मुलीची पुण्यातली नोकरी गेली. ती घरी आली, बरेच दिवस कोणाशी धड बोलली नाही. मग वरच्या खोलीत तारा आणि कसली कसली यंत्रं पसरून बसली, आणि तिनं एक सळई बनवली. कापसाच्या ढिगात खुपसली की आत किती ओल आहे ते मोबाइलवर दिसायचं. ओल मोजायची यंत्रं जिनिंगमध्ये असतात, पण ती घेणाऱ्याच्या हातात. हिची सळई स्वस्त होती आणि शेतकऱ्याच्या घरात राहणार होती. ट्रॉली भरायच्या आधीच त्याला कळणार, आपला कापूस वाळलाय. मग माझ्यासारख्यानं तोंड वाकडं करून "ओल आहे" म्हटलं, तर तो काही मुकाट्यानं ऐकून घेणार नाही.

"हे तू माह्याविरुद्ध बनवून राह्यली का?" मी विचारलं.

"तुमच्याविरुद्ध नाई बाबा. तुमच्या दाताविरुद्ध."

मी हसलो. खरं सांगायचं तर झोंबलंही, आणि छातीही फुगली.

पण एका सळईवर धंदा होत नाही. बँकेला तारण हवं होतं, ते तिच्याकडे नव्हतं. नेमकं तेव्हाच वर्ध्यात नवउद्योजकांना मदत करणारं एक केंद्र सुरू झालं. उद्घाटनाला मीही गेलो. मोठमोठे फलक, गरम समोसे, आणि एकामागून एक भाषणं. अर्थव्यवस्था सावरतेय, तरुणांनी नोकऱ्या मागू नयेत, द्याव्यात, आम्ही तुमच्या पाठीशी आहोत. मी मागच्या खुर्चीवर बसून विचार करत होतो, पोरांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा हे सगळे कुठं होते? तेव्हा एकाचाही फोन आला नाही. आता मात्र ज्याला त्याला तरुणांची काळजी. समोसा चांगला होता, त्यामुळे तर मला जास्तच संशय आला.

केंद्रानं मुलीची सळई निवडली आणि तिला एक मार्गदर्शक दिला. तोच पैसाही लावणार होता. गोरागोमटा, मऊ बोलणारा, बोलताना आपल्या खांद्यावर हात ठेवणारा माणूस. "कापसातलं मला ओ की ठो कळत नाही हं," तो हसून म्हणाला. "मी पडलो सॉफ्टवेअरचा माणूस."

सळई बघायला म्हणून आम्ही त्याला पवनारला माझ्या साडूच्या घरी नेलं. पुढच्या खोलीत छताला टेकेल एवढा कापूस भरलेला होता. मुलगी एकेका ठिकाणी सळई खुपसून मोबाइल दाखवत होती, सांगता सांगता तिचा चेहरा उजळला होता. तो ऐकत होता, मान हलवत होता. आणि ऐकता ऐकता त्याचा हात ढिगात गेला. त्यानं कापूस ओढला, दोन्ही अंगठ्यांनी धागा फाकवला, सरकी काढली आणि दाताखाली धरली. कट्ट. टरफल थुंकून तो परत मोबाइलकडे बघू लागला. आपण काय केलं हे त्याच्या ध्यानातही आलं नसावं. माझ्या मनात मात्र पाल चुकचुकली.

घरी आल्यावर मी मुलीला म्हटलं, "त्यानं सरकी चावली."

"मंग?"

"ज्याले कापसातलं कळत नाई, तो सरकी काऊन चावन? तू जिनिंगवाल्याची पोरगी, तू तरी चावते का?"

ती भडकली. "तुमाले सगळेच चोर दिसतात बाबा! एक मानूस मदत करून राह्यला, तर त्याचे दात मोजता? हे हातचं गेलं तर मले पुण्याले परत जा लागन, समजते का तुमाले?"

समजत होतं. तेच तर समजत होतं. तिची आई सांगत होती की तेव्हापासून पोरगी जेवताना ताटातच बघत बसते.

त्या आठवड्यात केंद्रात शेवटची बोलणी होती. मुलगी मला सोबत चला म्हणाली. चहा आला, सही करायची वेळ आली, आणि तिनं एकदम विचारलं, "सर, तुमच्या घरी जिनिंग आहे का?"

तो जराही गडबडला नाही. "सासऱ्यांच्या आहेत. का गं?"

"आपली सळई शेतकऱ्यालेच विकायची ना?"

"आधी जिनिंगला देऊ. शेतकऱ्यांचं बघू नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

तो चहा ढवळत राहिला. साखर केव्हाच विरघळली असेल. मुलीनं टेबलावरची सळई उचलली, पिशवीत घातली आणि नमस्कार करून उठली. बाहेर येऊन तिनं पिशवी माझ्याकडे दिली आणि स्कूटीला किल्ली लावली. आपलं खरं झालं म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. अजिबात झाला नाही.

संध्याकाळी ती ओट्यावर बसली होती. पुण्याच्या मैत्रिणीशी फोनवर खोलीच्या भाड्याचं बोलणं चाललेलं मी ऐकलं. फोन ठेवल्यावर मी शेजारी जाऊन बसलो.

"माही निवृत्तीची रक्कम बँकेत पडून आहे," मी म्हटलं. "ती घे. बनव सळया. विक शेतकऱ्यायले."

मला वाटलं ती गळ्यात पडेल. तिनं सावकाश कुर्त्याची बाही कोपरापर्यंत वर सरकवली.

"अन् खाली काय आहे, बाबा?"

"खाली काय राहीन? बाप हाय मी तुहा."

"हे वरचं झालं."

जिनिंगमध्ये किती जणांना मी असं उभं केलं असेल. ट्रॉलीशेजारी ते कसे दिसायचे, ते मला तेव्हा पहिल्यांदा आठवलं.

"पुण्याले नको जाऊ," मी म्हणालो. "तुह्या मायले करमत नाई."

"मायले?"

"मले."

तिनं बाही खाली केली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "पैसे घेतो मी. पन राहीन का जाईन, ते आज नाई सांगत. चालते का?"

या बोलीवर कोणताही शहाणा माणूस सौदा करणार नाही. दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधीच मी दारात जाऊन उभा होतो.